डाळ आधी, कॉफी तासाभरानं

अहिल्याबाईंनी आयुष्यातली पहिली थंड कॉफी प्यायली ती कनॉट प्लेसला, दुकानाच्या दारात उभ्याउभ्या, आणि नवऱ्याला नावं ठेवत. लग्न होऊन दिल्लीत येऊन त्यांना तेव्हा जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. मे महिना होता, भाजणारी लू वाहत होती, आणि शांताराम, म्हणजे त्यांचे यजमान, बायकोला दिल्लीची काहीतरी खास चीज दाखवायची म्हणून मिनिस्ट्रीतून लवकर सुटून आले होते. त्यांनी हातात दिलेल्या उंच ग्लासाला बाहेरून घाम फुटला होता. अहिल्याबाईंनी ओठ लावले आणि ग्लास परत त्यांच्यापुढे धरला.

"अहो, ही गार झालीय."

"गारच असते ती."

"आमच्या सांगलीला गार झालेली कॉफी मोरीत ओततात."

"इथं तिच्यासाठी लोक रांग लावतात. पी मुकाट्यानं, लोक बघतायत."

अहिल्याबाई मुकाट्यानं प्यायल्या. माहेरी कॉफी म्हणजे पाहुण्यांची, आजाऱ्याची आणि एकादशीची. दुधात उकळलेली, साखर सढळ हातानं, वरून जायफळ उगाळलेलं. ती प्यायली की माणसाला सुस्ती यायची. ही दिल्लीची कॉफी उलट होती. घशाखाली उतरली आणि उन्हानं मिटलेले डोळे टक्क उघडले. तळाशी उरलेला फेस बोटानं चाटावा असं त्यांना फार वाटलं; पण शेजारी दोन पंजाबी बायका लिपस्टिक सांभाळत स्ट्रॉनं पीत होत्या, म्हणून धीर झाला नाही.

घरी आल्यावर त्यांनी ती करून पाहिली. नेताजीनगरच्या क्वार्टरात फ्रिज कुठला असायला! डी.एम.एस.च्या, सरकारी दूधयोजनेच्या, बूथवरून आणलेलं बाटलीतलं दूध तापवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून पंख्याखाली ठेवायचं. बर्फवाल्याकडून लादीचा तुकडा घ्यायचा, तो गोणपाटात बांधून अंगणातल्या नळाजवळ सावलीला ठेवायचा. वाटीत कॉफीची पूड आणि साखर, त्यात पाण्याचे थेंब, आणि हात दुखेपर्यंत घोटायचं. मग दूध, मग बर्फ, आणि शेवटी ताकाची रवी. रवी घुसळली की असा फेस वर यायचा की शांताराम म्हणायचे, "आता कनॉट प्लेसला जायला नको. बसचं तिकीट वाचलं."

तर ही कॉफी अहिल्याबाईंच्या हाताला अशी बसली. पुढं त्यांच्या हातून पुष्कळ पदार्थ गेले. पुरणपोळी वय झाल्यावर लाटवेना, चकली सुनेनं विकत आणायला सुरुवात केली. कॉफी मात्र राहिली.

आता शांतारामना जाऊन बरीच वर्षं झाली. अहिल्याबाई मयूर विहारला मुलगा शशिकांत आणि सुनेजवळ राहतात. पंच्याहत्तरी केव्हाच उलटली. ओळखीची माणसं फोनमध्ये जास्त आणि दिल्लीत कमी उरली आहेत. नेताजीनगरच्या त्या रांगेतली तर एकच: चंद्रप्रभा. ती गुडगावला तिच्या भाच्याकडे, गुणवंतकडे असते. गुणवंत मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो, त्यामुळे आत्याचं सगळं त्याची बायको अरुणा बघते. एक दिवस फोन आला तो तिचाच.

"मावशी, आत्या काही खातच नाहीयेत हो. बाथरूममध्ये पडल्या ना, तेव्हापासून. हाड वगैरे बिल्कुल ठीक आहे. पण खिचडी दिली की तोंड फिरवतात, सूप दिलं की उद्या म्हणतात. नुसता सापळा झालाय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात नाकातून नळी घालावी लागेल."

"मग प्रभा काय म्हणते?"

"त्या म्हणाल्या, नळी घालायची तर मला विचारून घाला, आणि मी नको म्हणणार आहे."

अहिल्याबाईंनी फोन ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. चंद्रप्रभा नको म्हणाली की नको, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती तोंडानं जेवली तर वाचणार, नाही तर नाही. मधला रस्ता तिनं स्वतःच बंद करून टाकला होता.

आणि मग त्यांना वाटलं, अरे, हे तर मी एकदा पाहिलंय.

एकाहत्तरच्या लढाईनंतरचा उन्हाळा. चंद्रप्रभा तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आली होती. सरकारी क्वार्टरातली एक खोली अशी कुणाला देणं नियमात बसत नसे, पण देत सगळेच. तिचा नवरा सूर्यकांत हिवाळ्यात टायफॉइडनं गेला होता. त्याच्याच ऑफिसात तिला क्लार्कची नोकरी मिळाली. वय सत्तावीस. सकाळी न जेवता जायची, ऑफिसच्या कँटीनमध्ये कॉफी प्यायची, दुपारी परत कॉफी, आणि संध्याकाळी येऊन खोलीचं दार लावून घ्यायची. एक दिवस बसस्टॉपवर चक्कर येऊन पडली. रिक्षावाल्यानं आणून सोडली तेव्हा ओठ पांढरे होते. अहिल्याबाईंनी घाबरून जे हाताशी होतं ते दिलं: थंड कॉफी. चंद्रप्रभानं ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि तळापर्यंत प्यायली. त्या कॉफीनं तिला वाचवलं, असं अहिल्याबाई पुढं आयुष्यभर सांगत आल्या. लेकाला सांगितलं, सुनेला सांगितलं, भिशीत सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी त्या गुडगावला गेल्या. बरोबर कॉफी नेली, पण साधी नव्हे. साखरेऐवजी खजूर भिजवून वाटला, त्यात बदाम घातले, केळं घातलं. अरुणानं डॉक्टरांनी दिलेली प्रोटीनची पावडर पुढं केली, तीही दोन चमचे ढकलली. मिक्सरमधून काढलेलं ते दाट, तपकिरी प्रकरण ग्लासात घेऊन त्या खोलीत गेल्या.

चंद्रप्रभा खिडकीशी पलंगावर पडली होती. खिडकीतून नुसत्या काचेच्या इमारती. ती इतकी बारीक झाली होती की चादरीखाली कुणी आहे की नाही ते कळू नये.

"काय आणलंस?"

"कॉफी."

डोळ्यांत काहीतरी हललं. तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "हिला काय डोहाळजेवण घातलंयस? केवढं कोंबलंय आत!" पण प्यायली. अर्धा ग्लास प्यायली. दारात उभ्या असलेल्या अरुणानं कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. अहिल्याबाई परत येताना टॅक्सीत स्वतःशीच हसत होत्या. जुनं ते सोनं, आणखी काय!

आठवडा सरायच्या आत अरुणाचा पुन्हा फोन आला. आवाज पडलेला.

"मावशी, रागावू नका हं. पण आता आत्या कॉफीशिवाय दुसरं काहीच तोंडात घेत नाहीत. केळं-खजूर घातलेलं लगेच ओळखतात, म्हणतात साधी द्या. दुपारी कॉफी, संध्याकाळी कॉफी. पोट त्यानंच भरतं. रात्री टक्क जाग्या, छातीत धडधडतंय म्हणतात. वजन आणखी उतरलं. डॉक्टर खूप रागावले. म्हणाले, ती भूकही मारते आणि झोपही. कॉफी एकदम बंद. आणि सोमवारी नळीचं काय ते ठरवा."

"म्हणजे माझ्यामुळंच झालं की."

"असं नाही हो मावशी…" अरुणा म्हणाली खरी, पण तिनं फोन लगेच ठेवला.

तो रविवार होता. दुपारी नात आली. वृंदा मुनिरक्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, तिथल्या विद्यापीठात एम.ए. करते, आणि रविवारी आजीला भेटायला येते. आली ती हातात झाकणाचा मोठा प्लास्टिकचा ग्लास घेऊन. आत बर्फ खळखळत होता.

"जेवलीस का?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"बस, ये हो गया ना." तिनं ग्लास हलवला. "दूध आहे, शुगर आहे, कॅल्शियम आहे. लंच डन."

"रोज हेच?"

"रोज नाही यार आजी. मोस्टली."

"इकडे ये." अहिल्याबाईंनी तिला उजेडात ओढलं आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी खाली केली. आत गुलाबी दिसायला हवं होतं तिथं फिकट दिसलं. त्या एकदम कडाडल्या, "ही मुलगी आहे की खडू? आधी जेवायचं! मग कॉफी! आणि तीही तासाभरानं!"

वृंदा हसायला लागली. "आजी, ये किसका डायलॉग है? तू असं कधी बोलत नाहीस."

अहिल्याबाई खरंच तशा बोलत नव्हत्या. तो आवाज त्यांचा नव्हताच. तो नगरकडचा, ठसकेबाज, फाडफाड आवाज होता, आणि तो आपल्या तोंडून बाहेर पडलेला ऐकून त्यांनी पलंगाच्या कडेला बसकण मारली.

"साळवेबाई," त्या पुटपुटल्या.

कॉफी आठवली होती. रवी आठवली होती, बर्फाचं ओलं गोणपाट आठवलं होतं. आठवणीचं मांजरासारखं असतं, वरची साय तेवढी चाटून जाते. खालचं सगळं राहूनच गेलं होतं.

डॉ. साळवे सरकारी दवाखान्यात होत्या. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या, पन्नाशीच्या, पांढरी कडक साडी, आणि जिभेला धार. बसस्टॉपवर चक्कर आल्यानंतर अहिल्याबाईंनी चंद्रप्रभाला त्यांच्याकडे नेलं होतं. बाईंनी पापणी खाली ओढली आणि म्हणाल्या, "ही बाई आहे की खडू?" लोहाच्या गोळ्या दिल्या, महिन्यानं या म्हणाल्या. महिन्यानं रक्त तपासलं तर होतं तिथंच.

"गोळ्या घेतेस?"

"रोज," चंद्रप्रभा म्हणाली.

"कशाबरोबर?"

"कॉफीबरोबर. नुसत्या गोळीनं मळमळतं. थंड कॉफीबरोबर बरोबर जाते."

साळवेबाईंनी हातातलं पेन टेबलावर टाकलं. "वा! म्हणजे सरकार तुला लोह देतंय आणि तू ते कॉफीत बुडवून नाल्यात पाठवतेयस. आणि ही कॉफी करून कोण देतं?"

अहिल्याबाई मागं उभ्या होत्या. "मी. दूध असतं ना हो त्यात, म्हटलं तेवढंच पोटात जाईल."

"दूध चांगलंच आहे. कॉफीही काही विष नाही. मलासुद्धा आवडते. पण ती जेवण नव्हे गं बाई! रिकाम्या पोटी दिलीस तर भूक मारते, आणि जेवणाबरोबर दिलीस तर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. घरी हरभऱ्याची डाळ आहे?"

"आहे."

"कैऱ्या आल्यात बाजारात. आंबेडाळ करता येते ना तुम्हा लोकांना? कर. कैरीच्या आंबटानं लोह लागू पडतं. आधी डाळ खायची. मग तासभर जाऊ द्यायचा. मग हिची ती कॉफी, छोटा पेला. संध्याकाळनंतर थेंब नाही." मग त्यांनी चष्म्यावरून अहिल्याबाईंकडे पाहिलं. "आणि तो तासभर हिच्यापाशी बसायचं. एकटी सोडलीस तर ही डाळ गायीला घालेल आणि कॉफी आधी पिईल. अशा पुष्कळ पाहिल्यात मी."

म्हणून अहिल्याबाई बसत होत्या. चंद्रप्रभाच्या ऑफिसला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी, एरवी ती लवकर घरी आली की. अंगणात बाज टाकलेली, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं. चंद्रप्रभा आंबेडाळ कशीबशी गिळायची आणि नळाजवळच्या गोणपाटाकडे बघत बसायची, कारण बर्फ तिथं होता. अहिल्याबाई गहू निवडायच्या. बर्फाचं पाणी गोणपाटातून ठिबकत राहायचं.

मग एक दिवस चंद्रप्रभा आपण होऊन म्हणाली, "ह्यांना असल्या उन्हातसुद्धा कोट लागायचा."

नवरा गेल्यापासून तिनं त्याचं नाव काढलं नव्हतं. अहिल्याबाईंनी मान वर केली नाही, गहू निवडतच म्हणाल्या, "ते का?"

"साहेबांनी बोलावलं तर? म्हणून. साहेबांनी कधी बोलावलं नाही. तरी कोट."

आणि ती हसली. हसता हसता रडली. त्यादिवशी तास होऊन गेला तरी कॉफीची आठवण दोघींना राहिली नाही, आणि बर्फ पार वितळून गेला. साळवेबाईंनी पुढच्या वेळी पापणी ओढली तेव्हा म्हणाल्या, "चला, रंग भरतोय."

पुढच्या चैत्रात अहिल्याबाईंच्या घरी गौरीचं हळदीकुंकू होतं. चंद्रप्रभा सकाळीच निघायच्या तयारीला लागली, म्हणे मैत्रिणीकडे जाते. हळदीकुंकवाच्या घरात विधवेनं थांबायचं नसतं, ते तिनं न सांगता ओळखलं होतं. अहिल्याबाईंनी तिच्या चपला उचलून मोरीत ठेवल्या. रांगेतल्या सगळ्या घरांत निरोप धाडला: हळदीकुंकवाला नव्हे, डाळ-कॉफीला या. करंडा कोनाड्यात ठेवून दिला, ज्यांना हवं त्यांनी आपलं आपण लावून घ्यावं. नागपूरच्या एक बाई म्हणाल्या, "पन्हं नाही म्हणजे काय बाई? चैत्रात कॉफी?" अहिल्याबाई म्हणाल्या, "कैऱ्या डाळीत संपल्या." साळवेबाई आल्या, बाजेवर ऐसपैस बसल्या, तीन वाट्या डाळ खाल्ली, आणि कॉफी मागणाऱ्या प्रत्येकीला घड्याळ दाखवलं. तो तास सगळ्या बायका गप्पा मारत बसल्या, आणि चंद्रप्रभा मधोमध बसली.

मग दर चैत्रात डाळ-कॉफी. क्वार्टर सुटली, नवरे निवृत्त झाले, तेव्हा बायका कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये जमू लागल्या. डबे घरून, कॉफी थर्मासमधून. मग एकेक गळत गेली. कुणी पुण्याला, कुणी अमेरिकेला, कुणी त्याही पलीकडे. साळवेबाई गेल्या. दोघीच उरल्या, तेव्हा कधीतरी ते आपोआप थांबलं.

"आजी? ओ आजी!" वृंदानं त्यांचा दंड हलवला. "कुठं गेलीस तू?"

"बाजारात कैऱ्या आल्यात का बघून ये," अहिल्याबाई उठत म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी क्लास नाही ना तुला? माझ्याबरोबर गुडगावला यायचंय."

रात्री डाळ भिजत पडली. सकाळी त्यांनी ती वाटली, थोडी वाफवून घेतली, कारण कच्ची डाळ आता चंद्रप्रभाला झेपायची नाही. कैरी किसून घातली, वर तेलाची फोडणी. पिशवीत डाळीचा डबा, थर्मासमध्ये दूध आणि बर्फ, कॉफीची बाटली, आणि फडक्यात गुंडाळलेली रवी.

"ये क्या है?" वृंदानं टॅक्सीत रवी काढून बघितली.

"रवी. ताक घुसळायची."

"मला वाटलं कुणाला मारायला घेतलीस."

"वेळ आली तर तेही करीन."

अरुणानं दार उघडलं आणि थर्मास पाहून तिचा चेहरा उतरला. "मावशी, डॉक्टरांनी कॉफी…"

"कळतंय गं मला. बंद म्हणालेत. रिकाम्या पोटी मीही देणार नाही. पोटात काही गेलं तर तासाभरानं घोटभर देईन, सगळं दूधच, आणि तेही तू डॉक्टरांना फोन करून विचारल्यावर. नाही म्हणाले तर ओतून टाकीन. आता मला आत जाऊ दे."

चंद्रप्रभानं पावलं ओळखली असावीत. डोळे मिटलेलेच होते. "आलीस? कॉफी आणलीस?"

"आणलीय."

"मग दे."

"आधी डाळ."

चंद्रप्रभानं डोळे उघडले. "काय?"

"आधी डाळ. कॉफी तासाभरानं."

तिनं उशीवरून मान उचलली. मग ती म्हणाली, "साळवेबाई मेल्या त्याला किती वर्षं झाली."

"मेल्या तरी बघतायत."

"मला भूक नाही, अहिल्ये."

"तेव्हा तरी कुठं होती?"

"आणि नाही खाल्ली तर?"

"तर हे सगळं दूध मी या पोरीला पाजते आणि परत जाते. खाली गाडी उभी आहे."

गाडी केव्हाच गेली होती. वृंदानं आजीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "हां आजी, ड्रायव्हर वेट करतोय. दोनदा फोन आला."

"लबाड आहात दोघी," चंद्रप्रभा म्हणाली.

"तू कमी आहेस? डाळ गायीला घालायचीस."

"एकदाच घातली."

"चांगली पाच-सहा वेळा. ती गाय दाराशी येऊन उभी राहायची तुझ्यासाठी."

चंद्रप्रभाचे ओठ जरा हलले, पण हसू तिथवर पोचलं नाही. ती छताकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मी खाऊन करू काय? सांग ना. काय करायचं राहिलंय माझं?"

अरुणा दारातच थबकली. अहिल्याबाई डब्याचं झाकण उघडत होत्या. हात थांबला नाही.

"मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "तेव्हाही तू हेच विचारलं होतंस. अंगणात. तेव्हाही मला ठाऊक नव्हतं. मी कैरी किसत होते."

डब्यातून कैरीचा आणि हिंगाच्या फोडणीचा वास बाहेर आला. तो खोलीभर पसरला, औषधांच्या वासाच्या वर चढून बसला. चंद्रप्रभानं मान वळवली. अहिल्याबाईंनी चमचा भरून पुढं केला, तर तिनं मान हलवली आणि चादरीतून स्वतःचा हात बाहेर काढला. चमचा तिनं स्वतः धरला. चमचा तोंडाशी जाईपर्यंत खोलीत कुणी हललं नाही.

ती घास बराच वेळ घोळवत राहिली. मग गिळला.

"मीठ कमी आहे."

"बीपी आहे तुला."

"आणि वाफवलीस डाळ? शी! आंबेडाळ कुणी वाफवतं?"

"दात आहेत का तोंडात? मग गप्प खा."

तिनं दुसरा चमचा खाल्ला, मग तिसरा अर्धा. अरुणा फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. डॉक्टरांशी बोलतानाचा तिचा आवाज आतपर्यंत येत होता, आणि तो एकदम भराभर, मुलीसारखा झाला होता.

"किती वाजले?" चंद्रप्रभानं विचारलं.

"आत्ताच तर खाल्लीस. बस आता."

चंद्रप्रभा उशीला टेकून बसली. थर्मास तिच्यासमोर टेबलावर होता आणि शेजारी रवी. ती रवीकडे बघत राहिली. "ती जुनीच का?"

"नाही गं, ती केव्हाच मोडली. ही लाजपतनगरची."

"तिची दांडी लांब होती. तुझ्या शांतारामांनी एकदा त्या दांडीनं उंदीर मारला होता, आणि तू धुऊन परत कॉफीत घातलीस."

"आजी!" वृंदा किंचाळली.

"राखेनं घासून, उकळत्या पाण्यात घालून," अहिल्याबाई म्हणाल्या. "हिला काय सांगतेस ते?"

"ही कोण? शशिकांतची?"

"हो. मुनिरक्यात राहते. कॉफीवर जगते. पापणी बघ हिची."

चंद्रप्रभानं वृंदाला बोटानं जवळ बोलावलं. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून अंगठ्यानं पापणी खाली ओढली, अगदी तश्शीच, आणि अहिल्याबाईंकडे बघून म्हणाली, "खडू. हिलाही आधी डाळ दे."

वृंदा वाटी घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसली. खाता खाता म्हणाली, "हे तर फार भारी आहे. तू मला कधी खाऊ का नाही घातलंस?" अहिल्याबाईंनी तिच्या वाटीत आणखी एक चमचा वाढला.

अरुणा आत आली. डॉक्टर म्हणाले होते, खाऊन झाल्यावर पाव पेला चालेल, दुपारनंतर नको, आणि आज काय काय पोटात जातं ते बघून नळीचं बोलू. एवढं सांगून ती पलंगाच्या कडेला टेकली. तिलाही बऱ्याच दिवसांनी बसायला मिळालं होतं.

"सूर्यकांतरावांच्या कोटाचं सांग हिला," अहिल्याबाई म्हणाल्या.

"त्यात काय सांगायचं? मे महिन्यात कोट घालायचे." चंद्रप्रभा थोडी थांबली. "एकदा तर बसमध्ये कंडक्टरला वाटलं, हेच कुणी मोठे साहेब आहेत. त्यानं उठून सलाम केला. मग हे तिकीट मागायला लाजले, आणि पुढच्या स्टॉपवर चेकर चढला…"

ती सांगत होती, मधेच दम लागला की थांबत होती, आणि पुन्हा तिथूनच धागा पकडत होती. अरुणा इतकी वर्षं तिच्याबरोबर राहत होती, पण तिनं हे कधीच ऐकलं नव्हतं. खिडकीतल्या काचेच्या इमारतींवर ऊन चढत चाललं होतं. थर्मासमधला बर्फ कधीतरी आतल्या आत खळकन हलायचा आणि चंद्रप्रभाची नजर तिकडे जायची.

"झाला का तास?"

"कुठला! अजून निम्मासुद्धा नाही."

"तू घड्याळ मागं करतेस. तेव्हाही करायचीस."

"करत असेन."

चंद्रप्रभानं उसासा टाकला, थर्मासकडे बघितलं, मग डब्याकडे. चादरीतून हात पुन्हा बाहेर आला.

"मग तोवर दे आणखी चमचाभर," ती म्हणाली. "नुसतं बसून काय करायचं?"